ल्युडोचं माहेर

ल्युडो विकत घेतला की सापशिडी फुकट मिळते. नवी मुंबईत, ऐरोलीच्या कुठल्याही सेक्टरातल्या स्टेशनरीच्या दुकानात मागून बघा, पुठ्ठ्याचा तोच घडीचा पट समोर येईल. एका बाजूला लाल, हिरवा, पिवळा, निळा असे चार चौक, आणि उलटवला की शंभर घरं, साप नि शिड्या. सोबत प्लास्टिकच्या सोळा सोंगट्या, एक फासा, आणि फासा खुळखुळवायची डबी, जी पहिल्याच आठवड्यात सोफ्याखाली गडप होते. खोक्यावर नाव इंग्रजी, आत नियमांची चिठ्ठी असलीच तर तीही इंग्रजी. त्यामुळे बुद्धिबळ आपलं आणि ल्युडो साहेबाचा, असा आपला सोयीस्कर समज. प्रत्यक्षात त्या पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू इथल्याच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही खेळ विलायतेला गेले, तिथे नावं बदलून घेतली, अंगावरचं बरंचसं उतरवून ठेवलं, आणि पाठीला पाठ लावून एकाच पुठ्ठ्यावर परत आले.

सापशिडीची कथा निदान अर्धी तरी लोकांना माहीत असते. मोक्षपट, ज्ञानेश्वरांशी जोडली जाणारी त्याची परंपरा, पापांचे साप नि पुण्याच्या शिड्या वगैरे. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या भाषणांतही ते येऊन गेलेलं असतं. ल्युडोची कुळकथा मात्र तितकी सांगितली जात नाही. तिच्यात जे हरवलं ते डोळ्यांवर येण्यासारखंही नाही. साप-शिड्यांवरची पापपुण्यांची नावं पुसली गेली हे पटाकडे बघून कळतं. ल्युडोतून गेला तो माणूस, समोर बसलेला जोडीदार. चौघं खेळायला बसतात आणि चौघंही एकेकटे खेळतात, यात काही कमी आहे असं कुणाला वाटतच नाही.

मूळ खेळाला आपण पट म्हणतो, सारीपाट म्हणतो. कवड्यांनी खेळला तर पचीसी, लांब फाशांनी खेळला तर चौसर किंवा चौपट. पट तोच. कापडाची मोठी फुली, तिच्या चार पट्ट्या. प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे २४ घरं. चारी पट्ट्यांची मिळून ९६, आणि मधोमध एक मोठा चौक, जिथून सोंगट्या निघतात आणि जिथे शेवटी परत पोचतात. कापड असल्यामुळे पट गुंडाळून कपाटात ठेवता येई, आणि सतरंजीवर पसरला की चार बाजूंना चार माणसं आपोआप बसत. सोंगट्या लाकडाच्या, हस्तिदंताच्या, लाखेच्या रंगांच्या, घुमटासारख्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरांतली खेळांची साधनं बघताना पहिल्यांदा जाणवतं ते हे, की त्या माणसांनी खेळण्याच्या वस्तूंवर अडकित्ते आणि दिव्यांइतकीच मेहनत घेतली होती.

पट नेमका किती जुना हे सांगताना लोक फार लवकर महाभारतावर जातात. शकुनी म्हटलं की डोळ्यांपुढे फुलीचा पट आणि हातात घोळणारे लांब फासे येतात. पण ते चित्र दूरदर्शनने दिलेलं आहे. वेदकाळातल्या द्यूतातले अक्ष म्हणजे बेहड्याची फळं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तातही तीच. त्या द्यूतात सोंगट्या घरातून घरात चालवत नेल्याचं काही दिसत नाही. वेरूळला २१ व्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, आणि २९ व्या धुमार लेण्यात शिव-पार्वती खेळायला बसलेत. पार्वती रुसलीय, शंकर समजूत घालतोय, नि रामेश्वरात खाली गणांनी नंदीची खोड काढायला घेतलीय. कुठल्याही घरातल्या पत्त्यांच्या डावासारखंच दृश्य. तिथेही फाशांचा खेळ कळतो, फुलीच्या आकाराचा पट काही दिसत नाही. फासे फार जुने आणि हा पट त्या मानाने अलीकडचा, इतकं मानून पुढे गेलेलं बरं.

पट आला तसा देवांनीही तो उचलला. जेजुरीच्या खंडोबाची गोष्ट जागरणात वाघ्या-मुरळी रंगवून सांगतात. खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट मांडतो. पैज अशी की हरेल त्याने बारा वर्षं वनवासाला जायचं. देव हरतो. हरतो की हरून घेतो, हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न, कारण वनवासाच्या निमित्ताने तो थेट बाणाईच्या बापाकडे मेंढरं राखायला जाऊन राहतो. पटावर मुद्दाम हरून दुसरं लग्न जमवणारा देव दुसऱ्या कुठल्या मुलखात असेल असं वाटत नाही. आपल्याकडे कोजागरीच्या रात्री फासे खेळत जागायला शास्त्राने सांगितलं आहे आणि दिवाळीतला पाडवा हा द्यूतप्रतिपदाही आहे. त्या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांत हरवलं असं मानतात. खेळाला पाप म्हणायचं आणि वर्षातले काही दिवस ते पाप धर्माने वागवून घ्यायचं, ही सोय जुनी आहे.

लेखी आणि नेमका तपशील मिळतो तो अकबराच्या दरबारात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत चौपटीचे नियमच नोंदवून ठेवले. सोळा सोंगट्या, चार-चार एका रंगाच्या, आणि तीन लांब फासे, ज्यांच्या चार बाजूंवर एक, दोन, पाच, सहा असे ठिपके. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरसबंदीवर आखलेला अवाढव्य पट आजही पर्यटकांना दाखवतात आणि बादशहा तिथे दासींना सोंगट्या करून खेळायचा असं गाइड सांगतो. बादशहाने तसं केलं असो वा नसो, ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्या पटावर आपला घरचा ल्युडो दिसतो, हे मी स्वतः तिथे ऐकलं आहे.

दरबारापेक्षा खेळ समजतो तो कवड्यांत. पचीसीत सहा कवड्या घेतात. कवडी उताणी पडली, म्हणजे तिची दातेरी फट वर आली, की ती मोजायची. दोन उताण्या म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन, असं पाचापर्यंत सरळ चालतं. सहाही उताण्या पडल्या तर सहा, आणि पुन्हा दान. एकच उताणी पडली तर दहा, पुन्हा दान. आणि एकही नाही, सगळ्या पालथ्या, तर पंचवीस. पचीसीतली पचीस ती ही. कवडी नाण्यासारखी निःपक्षपाती असती तर पंचवीसचं दान ६४ वेळांत एकदा पडलं असतं. सहाही उताण्या पडण्याची शक्यता बरोबर तेवढीच, पण त्याचे मिळतात जेमतेम सहा! इतक्या दुर्मिळ दानाची अशी बोळवण का केली असावी? माझा अंदाज असा, की नियम करणाऱ्याला हिशेबापेक्षा गंमत कळत होती. तोंडं उघडी टाकून पडलेल्या सहा कवड्यांना दिसतंय तेवढंच मोल द्यायचं, आणि सगळ्यांनी तोंड फिरवलं की मात्र घबाड.

घराघरांतल्या छोट्या भावंडखेळांतही हीच रीत. पाच बाय पाच घरांचा जो खेळ जमिनीवर खडूने आखून खेळतात, कुठे चल्लस-आठ, कुठे अष्टचंग, तिथे चार कवड्या किंवा फोडलेले चिंचोके, आणि सगळे पालथे पडले की आठ. दुर्मिळ दानाचं नाव खेळाला द्यायचं, ही तिथलीही पद्धत.

आता जोडीदाराबद्दल. पटावर चार भिडू असतात, पण बाजू दोनच. काळी आणि पिवळी एका जोडीची, लाल आणि हिरवी दुसऱ्या जोडीची, आणि जोडीदार समोरासमोर. सोंगटी मधल्या चौकातून निघते, आपल्या पट्टीच्या मधल्या रांगेने खाली उतरते, मग बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने साऱ्या पटाला वळसा घालून आपल्या मधल्या रांगेने परत चौकात. वाटेत विरोधी सोंगटी सापडली की मारायची, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू. फुल्या काढलेली बारा घरं आहेत, तिथे बसलेल्याला मारता येत नाही. जोडीदाराची सोंगटी मारायचा तर प्रश्नच नाही, उलट तिच्याच घरात शेजारी जाऊन बसता येतं.

इथवर ल्युडोचीच थोरली बहीण. खरी मेख पुढे आहे. डाव जिंकायचा तर दोघांच्याही आठही सोंगट्या पिकाव्या लागतात. माझ्या चारही पिकल्या की माझं दान संपतं. मग माझा जोडीदार एकटा, आणि समोर दोघं, त्यांना दोन दानं, आम्हाला एक. म्हणजे जो पळत सुटून पहिला घरी जातो तो आपल्या माणसाला उघड्यावर सोडून जातो. म्हणून मुरलेला खेळाडू चौकाच्या दारापर्यंत आलेली सोंगटीही आत घेत नाही. तिला पुन्हा सगळा पट फिरवतो, दुसरा वळसा, केवळ जोडीदाराच्या मागे लागलेल्यांना मारायला किंवा अडवायला. दान पडलं तरी ते न खेळण्याची मुभा आहे, दान न टाकण्याचीही. कवड्या हातात असतात तेवढंच नशीब, बाकी सगळा वेळ समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत ठरवायचं: आत जाऊ, थांबू, की अजून एक फेरी मारू?

हा खेळ इंग्रजांनी इथे बघितला, टिपून घेतला आणि नेला. नुसता करमणुकीसाठी नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ ई. बी. टायलर यांनी १८७९ साली एक निबंध लिहून पचीसीची तुलना मेक्सिकोतल्या ॲझ्टेकांच्या पतोली या खेळाशी केली. तिथेही फुलीचा पट आणि कवड्यांऐवजी घेवड्याच्या बिया. यावरून आशियातून अमेरिकेत लोक आणि त्यांचे खेळ गेले असावेत असा त्यांचा तर्क. पुढच्या अभ्यासकांनी तो फारसा मानला नाही, पण त्या निमित्ताने आपल्या ओसरीवरचा पट लंडनच्या विद्वत्सभेत पसरला गेला.

बाजारात पहिली बाजी मारली अमेरिकेने. सेल्चो अँड रायटर या कंपनीने १८७४ साली पार्चीसी हे नाव नोंदवून घेतलं आणि खेळ पुठ्ठ्यावर छापून अमाप विकला. अमेरिकनांनी नाव वाकवलं, पट फारसा मोडला नाही. आपल्या पटाची बाहेरची कडा मोजली तर एका पट्टीची १७, म्हणजे चारींची ६८ घरं होतात. पार्चीसीतही ६८. सुरक्षित घरं बारा, तिकडेही बारा. इंग्लंडमध्ये १८९६ च्या सुमारास ल्युडो या लॅटिन नावाने जे पेटंट झालं त्यात मात्र कात्री चालली. रांगेत आठऐवजी सहाच घरं, म्हणजे बाहेरची कडा ५२ वर आली. वळसा उलट्या दिशेऐवजी घड्याळाच्या दिशेने. कवड्या गेल्या, एक ठोकळा फासा आला. बारा फुल्या गेल्या. आज आपल्याकडच्या बऱ्याच पटांवर तारे दिसतात ते त्यांचेच वारस म्हणायला हरकत नाही. आणि जोड्या गेल्या.

हे सगळं कशासाठी, तर खेळ लहान मुलांच्या खोलीत जावा म्हणून. त्या बेताने पाहिलं तर काम चोख झालं. पाच वर्षांच्या पोराला पचीसी शिकवायला दोन सुट्ट्या लागतील, ल्युडो दहा मिनिटांत येतो. पण एका फाशावर खेळ टाकला की नशिबाचा स्वभावच पालटतो. कवड्यांत दोन-तीन-चार वारंवार पडतात आणि पंचवीस क्वचित, त्यामुळे चाल बेतता येते. फाशात एक काय आणि सहा काय, सारखेच. त्यात सोंगटी बाहेर काढायला सहाच हवा. दहा वेळा फासा टाकूनही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. म्हणजे चौघांच्या डावात एखादं पोर रडकुंडीला येण्याची शक्यता जवळपास निम्मी. जोडीदार असता तर तोवर त्याची चाल बघत, त्याला सुचवत बसता आलं असतं. एकट्याला बसून राहण्यावाचून गत्यंतर नाही.

जगभर या कापलेल्या खेळाची पिल्लं झाली. स्पेनमध्ये पार्चीस, कोलंबियात पार्केस. जर्मनीत योझेफ श्मिट यांनी १९१४ साली बाजारात आणलेल्या खेळाचं नावच मुळी 'माणसा, चिडू नकोस' अशा अर्थाचं. पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळांना त्याचे हजारो संच वाटले गेले आणि मग तो घरोघर गेला. चीनमध्ये सोंगट्यांची विमानं झाली. मला सगळ्यात मौज वाटते ती ब्रिटिश नौदलाची. तिथले खलाशी बोटीवर अकर्स नावाचा खेळ खेळतात. पट ल्युडोचाच, पण फासे दोन, आणि खेळ जोड्यांचा. समोरासमोर भिडू, एकमेकांना सांभाळून घेणं, अडवून धरणं, सगळं आहे. मुलांच्या खोलीसाठी काढून टाकलेला जोडीदार मोठ्या माणसांनी बोटीवर परत बोलावून घेतला, याचा अर्थ त्यांना त्याची उणीव जाणवली असावी.

इकडे मात्र पुठ्ठ्याचा ल्युडो आला आणि कापडी पट माळ्यावर गेले. स्वस्त, हलका, लोकलमध्ये फेरीवाल्याकडेही मिळणारा, चुंबकाच्या सोंगट्यांचा, घडी घालून खिशात मावणारा.

ऐरोलीसारख्या गावात खेळाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. गाव म्हणण्याची सवय आहे म्हणून म्हणायचं. मूळची ऐरोली, दिवा ही खाडीकाठची आगरी-कोळ्यांची गावं. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने आले, १९७० साली सिडको स्थापन झाली, सेक्टर पडले, सिडकोच्या बैठ्या घरांवर मजले चढले. १९९९ साली मुलुंडकडून पूल झाला, २००४ साली ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली आणि मग माइंडस्पेससारख्या काचेच्या इमारतींतल्या नोकऱ्यांसाठी आणखी माणसं आली. एका जिन्यावर सातारा, जळगाव, बेळगाव, केरळ आणि उत्तर प्रदेश राहतात. प्रत्येकाने येताना आपला ल्युडो आणला, आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. एका घरी लागोपाठ तीन सहा पडले की सगळं दान जळतं. दुसऱ्या घरी एक तरी सोंगटी मारल्याशिवाय पिकायचं नाही. तिसऱ्या घरी एक पडला तरी सोंगटी बाहेर. दोन सोंगट्या एका घरात आल्या की जोडी झाली, ती एकट्याने मारायची नाही, हे कुणी मानतं, कुणी मानत नाही. छापील चिठ्ठीत यातलं फारसं काही नसतं. नियमांवरून अर्धा तास वाद घालून मग डाव सुरू करायचा, हीच इथली खरी परंपरा. आणि कान देऊन ऐकलं तर या वादात जुना पट बोलत असतो. जोडी न मारणं, पुन्हा दान मिळणं, सोंगटी 'पिकणं' हे शब्द आणि रिवाज पेटंटातून आलेले नाहीत.

खेळाची पुढची घरवापसी तर याच शहरात घडली. गेमेटियन ही विकास जैस्वाल यांची कंपनी नवी मुंबईतली. तिने २०१६ साली ल्युडो किंग मोबाइलवर आणला. त्यातही दुसऱ्या बाजूला सापशिडी आहेच, पुठ्ठ्याचा रिवाज फोननेही मोडला नाही. दहा कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडणारा पहिला भारतीय मोबाइल गेम म्हणून त्याचं नाव घेतात. मग २०२० चा मार्च आला. २५ तारखेपासून देश घरात बसला, २८ तारखेपासून दूरदर्शनने महाभारत पुन्हा दाखवायला सुरुवात केली, आणि टीव्हीवर शकुनी फासे घोळवत असताना खाली सतरंजीवर घरातली माणसं फोनमधला फासा बोटाने फिरवत होती. त्या दिवसांत रोज सुमारे पाच कोटी लोक ल्युडो किंग खेळतात असा कंपनीचा आकडा वर्तमानपत्रांत येई. दुबईचा भाऊ, पुण्याची बहीण आणि ऐरोलीतले आई-वडील एका पटावर बसले, यात शंका नाही. पण माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात तेव्हापासून एक संशयही आहे, की फोनचा फासा आपल्यालाच नेमका सहा देत नाही. हा संशय निराधार असणार. पण फासा स्वतःच्या मुठीत खुळखुळवल्याशिवाय माणसाचं समाधान होत नाही, त्याला काय करणार!

पैसा मागून आलाच. बक्षिसाचे ल्युडो निघाले, आणि हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावरून २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. मुंबई प्रांतातला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा, म्हणजे पेटंटाच्या ल्युडोपेक्षाही म्हातारा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला. कौशल्य की नशीब, या वादात मला एवढंच वाटतं की पचीसी कोर्टात गेली असती तर कौशल्याच्या बाजूने बरंच बोलता आलं असतं, दान नाकारण्याचा एक नियमच पुरला असता. ल्युडोच्या वकिलाची मात्र कीव येते.

आमच्या जिन्यावर जोडीदार परत आला तो आत्यामुळे. ती वाईची. तिच्या माहेरचा कापडी पट कधीच विरून गेला, पण नियम तिच्या डोक्यात शाबूत. पावसाळ्यातला शनिवार होता, जेवणं आटोपली होती, माझी दहा वर्षांची मुलगी पुठ्ठ्याचा पट मांडून बसली होती. शेजारचे काका आले, त्यांचा मुलगा लॅपटॉप मिटून आला. मुलगी निळी घ्यायची म्हणून हटून बसली. आत्या म्हणाली, "रंग कुठलाही घे, समोर कोण बसतंय ते बघ. समोरचा तुझा." समोर काका होते. आत्या आणि काकांचा मुलगा दुसरी जोडी. ठरलं असं, की जोडीदाराला मारायचं नाही, आठही पिकल्याशिवाय डाव संपत नाही, नको असेल तर दान सोडता येईल.

मुलगी ल्युडोच खेळली. सहा पडायचे, सोंगटी पळायची, वाटेत काकांच्या सोंगटीमागे आत्याची लागलीय हे तिच्या गावीही नव्हतं. चारही पिकवून ती उठून नाचली. काकांच्या दोन अजून अर्ध्या वाटेवर. मग आत्याचं दान, काकांचं दान, मुलाचं दान, आणि पुन्हा आत्या. दोघांनी मिळून काकांची एक सोंगटी दोनदा घरी धाडली. काका चष्मा पुसत हसत होते. मुलगी फासा मागत होती.

"आत्याआजी, माझी पाळी मध्येच का जाते?"

"तू घरी पोचलीस ना. घरी गेलेल्याला दान नसतं."

"पण मी पहिली आले!"

"आलीस की. तुमची जोडी हरली."

दुसऱ्या डावाला तिने काकांच्या जवळ सरकून पट नीट बघून घेतला. तीन पिकवल्या आणि चौथी दाराशी आल्यावर आत न वळवता तशीच पुढे काढली, दुसऱ्या वळशाला. काकांचा मुलगा ओरडला, "ए, हे चीटिंग आहे! ल्युडोत असं चालतच नाही. फोनमध्ये तर सोंगटी आपोआप आत जाते."

"फोनमध्ये जात असेल," आत्या म्हणाली. ती विरोधी बाजूची असूनही.

यावर जे सुरू झालं त्यात मी, काकू आणि वरच्या मजल्यावरचे जळगावचे वहिनी-भावजीही ओढले गेले. वहिनींच्या मते दुसरा वळसा चालतो, पण त्या सोंगटीने कुणाला मारायचं नाही. काकूंच्या मते मग वळसा मारायचा कशाला? आत्याने वाईचा दाखला दिला, काकांच्या मुलाने मोबाइलवर नियम शोधून दाखवले, मुलीने सोंगटीवरचं बोट काढलं नाही. साडेबारा वाजले तेव्हा निकाल लागला नव्हता. पट तसाच टीपॉयवर ठेवला आणि काकांनी त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला, रात्रीतून कुणाची सोंगटी पुढे सरकायला नको म्हणून.